सहा पाय दोनदा

कोलशेत, ठाणे
९ जून २०२५

महेंद्र,

तुझा फोन लागत नाही. ईमेल परत येते. व्हॉट्सअ‍ॅपवरचा तुझा फोटो दिसायचा बंद होऊन पावणेदोन वर्षं झाली, म्हणजे तू मला ब्लॉक केलेलं आहेस, एवढं मलाही कळतं. साठ वर्षांच्या बाईने मग काय करायचं? पोस्टात जायचं. पाकीट मागितलं तर काउंटरवरचा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जशी काही मी बैलगाडी मागितली. तुझा भीमावरमचा पत्ता माझ्याकडे नाही. पीएचडीच्या नोंदणीच्या फॉर्मवर मानपाड्याच्या घराचा आहे, तिथे पाठवते आहे. तुझी आई पुढे पाठवेल अशी आशा.

कामाचं लिहिते. मी ३१ मेला निवृत्त झाले. स्वानंद आता प्राणिशास्त्राचा विभागप्रमुख आहे. चार्ज घेतल्याच्या तिसऱ्या दिवशी त्याने निरोप पाठवला की मॅडमनी कपाटं रिकामी करून द्यावीत, आणि मागच्या खोलीतला जुना डीप फ्रीझर भंगारात जाणार आहे, त्यात आपलं काही असल्यास न्यावं. 'आपलं काही असल्यास.' तीस वर्षं मी त्या विभागात काढली. त्याला पहिल्या वर्षी गांडुळाचं विच्छेदन मीच शिकवलं होतं.

तर फ्रीझरच्या खालच्या खणात, बर्फाच्या थराखाली एक डबा सापडला. येऊरच्या जंगलातल्या सतरा कुप्या. जानेवारी २०२२ मधल्या त्या रविवारच्या. प्रत्येकीत अल्कोहोलमध्ये ठेवलेला तुझा एकेक दुशेपट्या. सहा पायांचा बारका किडा, पांढुरका, आंधळा, पंख नसलेला, मागे दोन लांब तंतू. नाव तूच ठेवलं होतंस, पुस्तकातलं नाव तुला आवडायचं नाही. लेबलं माझ्या अक्षरातली आहेत, अजून वाचता येतात. एकही कुपी उघडलेली नाही.

तुला हव्यात का? हो किंवा नाही, एवढं कळव.

आणि लिहायला बसलेच आहे तर एक सांगते. शास्त्रात छापलेले पेपर मागे घ्यावे लागतात. जगात रोज कुणी ना कुणी घेतं. तेवढ्यासाठी पाच वर्षांचं काम अर्धवट सोडायचं, आंध्रात जाऊन कोळंबीच्या पिल्लांचे रोग तपासत बसायचं आणि वर शिकवणाऱ्या माणसाचा नंबर ब्लॉक करायचा, हे मला पटलेलं नाही. तेव्हाही नव्हतं.

शुभदा प्रधान


२४ जून २०२५

महेंद्र,

पंधरा दिवस झाले. उत्तर नाही. पत्र पोचलं की नाही हे कळायला मार्ग नाही, म्हणून शनिवारी मीच मानपाड्याला गेले. हरिहरने गाडी काढली. निवृत्तीनंतर नवऱ्याला ड्रायव्हर केलं आहे, तो तक्रार करत नाही, तेवढं एक बरं. कल्याण-शीळ रस्त्यावर मेट्रोच्या खांबांनी दीड तास खाल्ला. मग एमआयडीसीच्या मागे तुमची बिल्डिंग शोधण्यात पाऊण तास. तू सांगायचास, 'मॅडम, रंगाच्या वासाकडे चालत जायचं, घर येतं.' तो विनोद नव्हता, हे त्या दिवशी कळलं.

दारातच तुझ्या वडिलांचा, कुंडलिकरावांचा, फोटो दिसला. हार घातलेला.

मला कुणीही कळवलं नाही. मार्च २०२४ मध्ये गेले आणि मला आत्ता, सव्वा वर्षाने, त्यांच्या दारात उभं राहून कळावं? विभागात कुणाला तरी ठाऊक असणार. तुझ्या बहिणीला, अमृताला, माझा नंबर माहीत होता. मी आले असते. खरंच आले असते.

तुझ्या आईने, भीमाबाईंनी, आत बोलावलं. माझं पत्र त्यांनी न उघडता कुरिअरने तुला पाठवलं आहे, पावतीही दाखवली. म्हणजे तुला मिळालेलं आहे आणि तू उत्तर दिलेलं नाहीस. ठीक.

त्यांनी मला विचारलं, पोरगा तुमच्याकडे पाच वर्षं नक्की काय करायचा? तू कधी घरी नीट सांगितलं नाहीस वाटतं. मग मी सांगितलं. मुंगी, झुरळ, फुलपाखरू, जेवढे म्हणून सहा पायांचे जीव आहेत, त्यांचे पूर्वज जवळपास पन्नास कोटी वर्षांपूर्वी पाण्यातल्या कवचवाल्या जीवांतून निघाले. कोळंबी, खेकडा, त्या मोठ्या घराण्याची ही जमिनीवर आलेली शाखा. आणि महेंद्र ही शाखा कुठे फुटली ते शोधत होता.

"म्हणजे झुरळ कोळंबीचं नातलग?" त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि हे कळतं कसं? तेव्हा बघायला कोण होतं?"

मी म्हटलं, प्रत्येक जिवाच्या आत लिहिलेलं असतं. आईबापांकडून पिल्लाकडे जाताना त्याची नक्कल होते आणि नकलेत बारीक चुका होतात. ज्यांच्यात त्याच त्या चुका सापडतात ते एका घरातले. महेंद्र ती अक्षरं वाचायचा, एकाशेजारी एक ठेवायचा आणि वंशवृक्ष काढायचा. वर्गात मला हे समजावून द्यायला दोन तास लागतात. त्यांना पाच मिनिटांत समजलं. मग म्हणाल्या, "हे जाईपर्यंत एकच विचारायचे. पोराच्या हातून काय सांडलं? रंगाच्या कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली यांनी, एक थेंब सांडला नाही कधी. म्हणायचे, माझ्या पोराच्या हातून असं काय सांडलं की कॉलेजने काढून टाकला?"

चहा पुढे आला होता, तो प्यायले. अमृता दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. निघताना मी तिला विचारलं, आता काय करतेस, तर म्हणाली, 'नोकरी.' एवढंच. तुमच्या घरात सगळ्यांनाच कमी बोलायची सवय आहे का?

कुप्यांचं कळव. स्वानंदचे निरोप येतच आहेत.

शु. प्र.


१५ जुलै २०२५

महेंद्र,

तुझं पोस्टकार्ड मिळालं. माझी दोन पत्रं मिळून पाच पानं आणि तुझी एक ओळ. 'अल्कोहोल कुठलं होतं?' खाली सहीसुद्धा नाही.

हा प्रश्न तू मला २०२२ मध्ये विचारला होतास आणि मी तेव्हा उत्तर दिलं होतं. तू लिहूनही घेतलं होतंस, तुझ्या वहीत असेल, बघ.

तुला वाटतं मी काही विसरले आहे. मला सगळं आठवतं. तू एकशेबारा जनुकं वाचलीस. त्यांतल्या एक्केचाळीस जनुकांत दुशेपट्या इतर कीटकांबरोबर न बसता थेट खाडीच्या चिखलात उड्या मारणाऱ्या त्या बारक्या कवचवाल्यांशेजारी जाऊन बसला. याचा अर्थ साधा होता. दुशेपट्या कीटकांचा भाऊ नाही, तो कवचवाल्यांमधून वेगळाच जमिनीवर आला. सहा पाय निसर्गाने एकदा नाही, दोनदा घडवले. असं काही सापडायला माणसाचं अख्खं आयुष्य जातं आणि तरी सापडत नाही. मला सापडलं होतं. आपल्याला.

आणि तू पहिल्या दिवसापासून तोंड पाडून बसलास. म्हणालास, 'मॅडम, एवढं जवळचं नातं असूच शकत नाही. पन्नास कोटी वर्षांत अक्षरं इतकी सारखी राहत नाहीत. यात खाडीतलं काहीतरी मिसळलंय.' तुला कोलशेतच्या खाडीतले ते जीवही वाचून ताडून बघायचे होते. त्याला आणखी चार महिने लागले असते. परदेशातली परिषद दोन महिन्यांवर होती. मी व्याख्यानाचं नाव देऊन बसले होते, 'सहा पाय दोनदा'. विभागात सगळ्यांना आवडलं होतं. प्राचार्यांनी फलकावर लावलं होतं. मार्गदर्शक मी होते की तू?

पेपर छापून आल्यावर परदेशातल्या एका गटाने आपलेच आकडे घेऊन ते एक्केचाळीस धागे उलगडले आणि तू म्हणत होतास तेच छापलं. छापलं तर छापलं. पेपर मागे घेतला, विद्यापीठाने समिती नेमली. त्या समितीपुढे मी जे लिहून दिलं, त्यातला एकही शब्द खोटा नाही. 'प्रयोगशाळेतील सर्व नमुन्यांची हाताळणी विद्यार्थ्याने केली.' केली होतीस ना? की ती पण मी केली?

अल्कोहोलचं मी तेव्हाच सांगितलं आहे. पुन्हा पुन्हा तेच विचारून काही होणार नाही. कुप्या हव्यात की नकोत ते सांग.

शु. प्र.


२० जुलै २०२५

महेंद्र,

१५ तारखेचं पत्र तुझ्या हातात पडलं असेल. ते फाडून टाक. नको, ठेव. उपयोगी पडेल.

ते टाकून आले त्या दिवशी जेवताना मी हरिहरला सगळं सांगितलं. तू काय लिहिलंस, मी काय सुनावलं. तो भाजी वाढून घेत होता. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "पण अल्कोहोल नवं होतं का?"

मी त्याच्यावर चिडले. तीस वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवलेस, तुला कीटकांतलं काय कळतं, असं म्हणाले. तो म्हणाला, "मला कीटकांतलं विचारायचंच नव्हतं." आणि ताट उचलून आत गेला. पाच दिवस मी घरात त्याच्याशी नीट बोललेले नाही. आज तुझ्याशी बोलते.

नवं नव्हतं.

आदल्या दिवशी, शनिवारी, आपण कोलशेतच्या खाडीवर होतो. तिथले ते कवचवाले आपण मोठ्या बरणीत भरले. ती बरणी माझ्या गाडीच्या डिकीत राहिली. रविवारी येऊरला तू वर उतारावर पाचोळा चाळत होतास आणि मी खाली गाडीपाशी कुप्या भरत होते. सतरा झाल्या आणि अल्कोहोलची बाटली संपली. चाळणीत नऊ दुशेपटे जिवंत फिरत होते, उन्हाने मेले असते. मी डिकी उघडली, खाडीच्या बरणीतलं अल्कोहोल रुमालातून गाळलं आणि त्या नऊ कुप्यांत ओतलं. तू तिथे नव्हतास. तुला दिसलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

रुमालाने डीएनए अडत नाही, अल्कोहोलबरोबर खाली उतरतो, हे मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना शिकवत आले आहे. मला वाटलं, थोडंसं आहे, काय होतंय. मग त्याच नऊ कुप्या वरच्या बाजूला होत्या म्हणून तू त्या आधी घेतल्यास. आणि तू येऊन विचारलंस, अल्कोहोल कुठलं होतं, तेव्हा मी एका सेकंदात म्हणाले, 'नवी बाटली फोडली होती.' एवढ्या झटकन म्हणाले की माझं मलाच खरं वाटलं. तुझा एवढा विश्वास की तू ते वहीत लिहून घेतलंस आणि पुढचे सहा महिने स्वतःच्या हातात चूक शोधत बसलास. पिपेट बदललेस, हातमोजे बदललेस, पुन्हा पुन्हा टेबल धुतलंस. मी बघत होते.

आता बाकीचं. कुप्या मला जूनमध्ये सापडल्या नाहीत. त्या कुठे आहेत हे मला आधीपासून माहीत होतं. समितीने विचारलं, न उघडलेले नमुने उरलेत का, म्हणजे पुन्हा तपासता येतील. तुला सांगितलं होतं तेच मी त्यांनाही सांगितलं, नाहीत. पहिल्या सतरा कुप्या स्वच्छ होत्या. त्या उघडल्या असत्या तर पहिल्या आणि शेवटच्या कुप्यांमधला फरक दिसला असता, आणि त्या सगळ्या माझ्या हातच्या होत्या.

आणि तू काम सोडलं नाहीस. पहिल्या पत्रात मी तसं लिहिलं. तुझी नोंदणी रद्द झाली. माझ्या त्या एका वाक्यावर झाली.

समितीच्या खोलीत घडलेली आणखी एक गोष्ट तुला माहीत नाही, कारण तुला बाहेर बसवलं होतं. तुझी फाईल उघडून एका गृहस्थांनी आडनाव वाचलं आणि म्हणाले, "यांचा पायाच कच्चा असतो, त्याला मॅडम तरी काय करणार." यांचा म्हणजे कुणाचा, हे मी विचारलं नाही. खोलीत कुणीच विचारलं नाही. मला ते वाक्य सोयीचं होतं. पुढे कुणी मला एकही प्रश्न विचारला नाही, चहा आला, दहा मिनिटांत सह्या झाल्या. प्रवेशाच्या मुलाखतीत मी तुला विचारलं होतं, किड्यांचं मूळ कशाला शोधायचंय? तू म्हणालेलास की माणसं माणसाचं मूळ विचारतात ती त्याची जागा ठरवायला, किड्यांचं विचारलं तर निदान काही कळेल तरी. मी तेव्हा हसले होते. चुणचुणीत मुलगा, असं वहीत लिहिलं होतं.

भीमाबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर होतं. तुझ्या हातून काहीही सांडलं नाही. मी ओतलं. ते मला त्या दिवशी तिथे म्हणता आलं असतं. मी चहा प्यायले.

हे वाचून तू काय करशील मला ठाऊक नाही. तू काही करायची वाट मी बघणार नाही. काल सतरा कुप्या बर्फात घालून मी पुण्याला सुमेधाकडे नेऊन दिल्या. ती माझ्याबरोबर एमएस्सीला होती, तिची स्वतःची प्रयोगशाळा आहे आणि ती माझी भीड ठेवणारी नाही. कुलसचिवांना पत्र लिहिलं आहे, ते उद्या जाईल. सोबत प्रत जोडली आहे. मासिकाच्या संपादकांनाही लिहिलं.

माफी मागत नाही. तुला ती द्यायची की नाही याचा विचार करायला लागेल, आणि तुला मी पुरेसं काम दिलेलं आहे.

शुभदा प्रधान


२३ सप्टेंबर २०२५

महेंद्र,

उत्तराची अपेक्षा नव्हती, आलंही नाही. पण विद्यापीठाला तू लिहिलंस, असं कळलं. चांगलं केलंस.

माणसाला गुन्हा कबूल करणं या देशात इतकं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. पहिल्यांदा पत्र परत आलं, कारण योग्य मार्गाने, म्हणजे विभागप्रमुखांच्या सहीने, आलेलं नव्हतं. म्हणून स्वानंदकडे गेले. त्याने पत्र दोनदा वाचलं आणि दार लावून घेतलं. म्हणाला, मॅडम, आता कशाला. मुलगा तिकडे कमावतोय, तुम्ही निवृत्त झालात, सत्काराची तारीख ठरली आहे, विभागाचं मूल्यांकन डिसेंबरात आहे. मी म्हटलं, सही कर. त्याने आठ दिवस घेतले. सत्कार रद्द झाल्याचं मला कळवलंही नाही, विभागाच्या ग्रुपवर वाचलं. त्या ग्रुपवर आता मी काही टाकलं की कुणी अंगठासुद्धा दाखवत नाही.

मग विद्यापीठाला तीन प्रती हव्या होत्या. मग शंभराच्या नव्हे, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र. मग एका बाईने फोन करून विचारलं की अर्जात 'तक्रारदार' आणि 'ज्याच्याविरुद्ध तक्रार' या दोन्ही ठिकाणी एकच नाव आहे, ही टायपिंगची चूक आहे का?

या १८ तारखेला समिती बसली. आडनाव वाचणारे गृहस्थ या वेळीही होते. मी माझं सांगून झाल्यावर त्यांनी मागच्या खेपेला काय म्हटलं होतं तेही सांगितलं, आणि मी तेव्हा गप्प बसले होते हेही. ते म्हणाले, मला असं काही आठवत नाही. मी म्हटलं, मला आठवतं, इतिवृत्तात घ्या. अध्यक्षांनी घेतलं. तुझ्यावरचा शेरा काढून टाकल्याचं पत्र तुला आणि मला एकाच दिवशी निघालं आहे. नोंदणी पुन्हा करता येईल असंही त्यात आहे.

त्याआधी ऑगस्टमध्ये मी मानपाड्याला जाऊन आले. हे तुला घरून कळलं असेलच, पण माझ्याकडून कळावं म्हणून लिहिते. भीमाबाईंना सगळं सांगितलं, बरणीपासून रुमालापर्यंत. या वेळी त्यांनी चहाचं विचारलं नाही. म्हणाल्या, "मला सांगून काय उपयोग? यांना सांगायचं होतं." मी बसून राहिले. मग त्या म्हणाल्या, "लिहून द्या. मराठीत द्या. तुमची ती इंग्रजी पत्रं आमच्याकडे कोण वाचणार? यांच्या भावाने तेव्हा सगळीकडे सांगितलेलं, पोराने घोटाळा केला म्हणून."

मी तिथेच त्यांच्या मोरीशेजारच्या टेबलावर बसून लिहून दिलं. दीड पान झालं. भीमाबाईंनी शेजारच्या दोघींना आणि तुझ्या काकांना बोलावलं आणि अमृताला वाचायला सांगितलं. ती उभी राहिली आणि वाचायला लागली. 'मी, शुभदा प्रधान' इथे थांबली, माझ्याकडे बघितलं, मग पुढे एका सुरात शेवटपर्यंत वाचलं. तुझे काका जमिनीकडे बघत होते. भीमाबाईंनी कागद घेतला, चार घड्या घातल्या आणि कुंडलिकरावांच्या फोटोच्या चौकटीमागे ठेवला. मला म्हणाल्या, "आता जा तुम्ही." मी आले.

सुमेधाचा निकालही आला आहे. स्वानंदच्या त्या फ्रीझरने मध्ये कधीतरी दगा दिला असणार, सतरांतल्या तेरा कुप्या गेल्या. चार चांगल्या निघाल्या. चारही दुशेपटे एकशेबारा जनुकांत कीटकांशेजारी बसतात. खाडीचं त्यांत काही नाही. सहा पाय एकदाच आले. तू तुझ्या प्रबंधाच्या चौथ्या प्रकरणात ती एक्केचाळीस जनुकं बाजूला काढून उरलेल्या एकाहत्तरांवर जो वृक्ष काढला होतास, जो मी लाल पेनाने खोडला होता, तो आणि सुमेधाचा वृक्ष एकमेकांवर ठेवले तर फांदीला फांदी जुळते. सुमेधा म्हणाली, हे प्रकरण ज्याने लिहिलं त्याला माझ्याकडे पाठव. मी म्हटलं, तो माझं ऐकत नाही, तूच लिही.

पेपर तू लिहायचा आहेस. पहिलं नाव तुझं. माझं नाव कुठेही घातलं नाहीस तरी चालेल. सगळे आकडे सुमेधा पाठवेल.

शुभदा प्रधान


३० नोव्हेंबर २०२५

महेंद्र,

तुझी ईमेल आली. 'मॅडम, मसुदा सोबत आहे. दुरुस्त्या असल्यास पंधरा दिवसांत कळवाव्यात.' म्हणजे पत्ता अनब्लॉक झाला, की ऑफिसच्या पत्त्यावरून पाठवलंस? मी उत्तर दिलं तर ते परत आलं. म्हणजे नाही झाला. ठीक आहे. पोस्टातला माणूस आता मला ओळखतो.

सुमेधाकडून कळलं की जानेवारीत तू तिच्याकडे नोंदणी करतो आहेस आणि तोपर्यंत भीमावरम सोडणार नाहीस, कारण तिथे कोळंबीच्या रोगाचा हंगाम आहे आणि हाताखालची मुलं नवी आहेत. यावरही मला बोलायचं होतं. बोलत नाही.

मसुदा तीनदा वाचला. चांगला आहे. तुझी इंग्रजी वाक्यं अजून लांब होतात, आणि दोन ठिकाणी कर्ता हरवला आहे, पेन्सिलने दाखवलं आहे. दुसऱ्या आकृतीतले रंग एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की माझ्या वयाच्या माणसाला फांद्या वेगळ्या दिसत नाहीत, ते बदल. पाचव्या पानावर परदेशातल्या त्या गटाचे आभार मानलेस ते योग्य. चर्चेचा शेवट उगाच सावध आहे. तुझ्याकडे पुरावा आहे, ठामपणे म्हण.

माझं नाव लेखकांत नाही हे बघितलं. योग्य आहे. नमुने कुणी गोळा केले त्या रकान्यात आहे, तेही योग्य.

आता तिसऱ्या पानावरचा तो परिच्छेद. आधीचे नऊ नमुने का दूषित झाले ते तू दोन वाक्यांत लिहिलं आहेस. शनिवारची बरणी, रविवारच्या कुप्या, खाली माझं नाव आणि माझ्या प्रतिज्ञापत्राची तारीख. ते जसंच्या तसं छापून येऊ दे. जिथे जिथे कुणी हा पेपर वाचेल तिथे ते वाचलं जाईल, याची मला पूर्ण कल्पना आहे.

फक्त एक शब्द काढ. वापरलेलं अल्कोहोल मी 'नकळत' ओतलं, अशा अर्थाचा शब्द तू इंग्रजीत घातला आहेस. तुला तो घालायची काहीच गरज नव्हती. का घातलास ते मी विचारणार नाही. मी तो खोडला आहे आणि समासात सही केली आहे.

मला कळत होतं.

शुभदा प्रधान